तीन पेट्या आणि एक डिकी

आमच्या स्विफ्टच्या डिकीवर तीन पेट्या हक्क सांगतात. पहिली हार्मोनियमची. दुसरी आंब्याची, मे महिन्यात माहेराहून, रत्नागिरीहून येणारी. आणि गेल्या वर्षी तिसरी आली, बूफरची, म्हणजे खालचा जाड आवाज काढणाऱ्या स्पीकरची. तिघींना जागा करून देता देता मी आवाजाबद्दल इतकं शिकले की ते लिहून ठेवावंसं वाटलं.

मी तबला वाजवते आणि सांगलीत शिकवते. शनिवारी तासगावला वर्ग असतो, महिन्यातून दोनदा कुठे ना कुठे भजनाची किंवा गाण्याची साथ असते. त्यामुळे डिकीत कायम तबला-डग्ग्याची पिशवी, हातोडी-पावडरचा डबा, माइकचे दोन स्टँड आणि बहुतेक वेळा पेटी. गाडीत जाता-येता ऐकते तोच माझा अभ्यास, आणि नेमका तिथे डग्गा, म्हणजे जोडीतला डाव्या हाताचा घुमणारा भाग, ऐकू येत नव्हता. दरवाजातले कंपनीचे स्पीकर तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे काठावरचा 'ना' लख्ख देतात, पण डग्ग्यावरचा 'गे' म्हणजे नुसती थाप. मागची घुमार नाही, मनगटानं सूर सरकवत ओढलेली मींड नाही. माझ्या डग्ग्याचा मूळ नाद मोबाइलच्या ॲपवर ८० ते १०० हर्ट्झच्या मध्ये दिसतो. तिथे पोहोचेपर्यंत या स्पीकरांचा दम संपतो आणि आवाज वाढवला तर दरवाजाचं प्लॅस्टिक बोलायला लागतं.

पहिला बूफर मी घाईत घेतला. दुकानदारानं जे लावून ऐकवलं ते घेऊन आले: बारा इंची, समोर हवेचं भोक असलेला तयार बॉक्स. दुकानात छाती हलली, मी खूश. घरी आल्यावर मोजायचा टेप लावला तर बाहेरून ४६ × ३८ × ३६ सेंमी. म्हणजे जवळजवळ ६३ लिटर. आमच्या स्विफ्टची डिकी २६८ लिटरची. हिशेबानं पाऊणहून जास्त जागा उरायला हवी होती, पण डिकी काही पाण्याची टाकी नाही. बूफर एका कोपऱ्यात बसला की उरलेल्या जागेचा आकार असा तिरपागडा होतो की पेटी आडवी राहत नाही, उभीही राहत नाही. त्या महिन्यात पेटी मागच्या सीटवर बेल्ट लावून फिरली आणि सीटवरची माणसं घरी राहिली.

त्यात भर म्हणजे बॉक्स नुसता ठेवलेला होता, बांधलेला नव्हता. आंबा घाटातल्या एका वळणावर तो सरकला आणि त्याचा कोपरा डग्ग्याच्या भांड्याला लागला. वरची कातड्याची पुडी वाचली, पण पितळेला रुपयाएवढा पोचा आला. बाबांनी मला घेऊन दिलेला डग्गा आहे तो. साखरप्याला गाडी थांबवून पिशवी उघडली तेव्हा हात थरथरत होते. आता कुणी बूफर घेताना दिसलं की पहिल्यांदा हेच सांगते: तो बॉक्स पट्ट्यांनी किंवा ब्रॅकेटनं जखडा. करकचून ब्रेक लागला तर पंधरा किलोचं लाकूड मागच्या सीटवरच्या मुलांच्या दिशेनं येतं.

जागेपेक्षाही मला त्या बूफरची दुसरी गोष्ट खुपली. त्यात जोडी फुटायची. लो-पास, म्हणजे किती हर्ट्झच्या खालचा आवाज बूफरकडे जावा हे ठरवणारं बटण, १२० हर्ट्झवर ठेवला तर डग्ग्याचं अंग भरून येई, पण डग्गा डिकीत आणि तबला डॅशबोर्डवर. 'धा' म्हणजे दोन्ही हातांचा एकाच क्षणी पडलेला एकच बोल. तो दोन माणसांनी दोन खोल्यांत वाजवल्यासारखा येई. ८० वर आणला तर जोडी परत जुळे, पण डग्ग्याचा वरचा भाग पुन्हा दरवाजाच्या स्पीकरांकडे जाई आणि मूळ दुखणं तसंच राही. याचं कारण आवाजाच्या लाटेच्या लांबीत आहे. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटरहून लांब, म्हणजे चार मीटरच्या आतल्या आमच्या गाडीच्या दुप्पट. एवढी लांब लाट कुठून आली हे कानाला कळत नाही, म्हणून खालच्या आवाजाचा बूफर कुठेही ठेवला तरी चालतो. शंभरच्या वर गेलो की मात्र कान दिशा पकडायला लागतो. दणदणीत बास हवा असलेल्याला हा फरक जाणवणारही नाही. तबलजीला पहिल्याच आवर्तनात जाणवतो.

दुकानदारानं काही पैसे कापून बॉक्स परत घेतला. दुसऱ्या वेळी मी आधी वह्या काढल्या आणि मग पाकीट.

स्टेपनीच्या आत बसणारे गोल बूफर मिळतात. स्टेपनी पालथी न ठेवता तिच्या वाटीत तो बसतो, मधल्या बोल्टनं आवळला जातो, वर पुन्हा डिकीची फळी येते. कल्पना सुंदर आहे आणि ज्यांच्या डिकीत हलकं सामान असतं त्यांनी जरूर विचार करावा. माझ्या फळीवर पेटी आणि आंबे असतात. शिवाय रात्री घाटात पंक्चर झालं, तर सगळं सामान रस्त्यावर उतरवायचं, मग वायरी सोडवायच्या, मग बूफर काढायचा आणि मग कुठे स्टेपनी हाती येणार. पावसात हे करताना मी स्वतःला डोळ्यांसमोर आणलं आणि ते पान उलटलं. चाकाच्या फुगवट्यामागच्या कोनाड्यात फायबरचा बॉक्स घडवून घेता येतो, पण ते काम चांगलं करणारा हात जवळपास मिळाला नाही.

खरा मोह पडला तो चपट्या बूफरचा. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी सीटच्या पाठीला टेकणारा, १८ मिमी एमडीएफचा बंद बॉक्स करून द्यायची तयारी दाखवली. बाहेरून ८६ × ३२ × १३ सेंमी. जाडी वजा केली की आत ८२.४ × २८.४ × ९.४, म्हणजे २२ लिटर. दहा इंची चपट्या बूफरला पुरेशी हवा. काका टेप गुंडाळत म्हणाले, "ताई, लाकूड कापायच्या आधी पुठ्ठ्याचा करून बघा. कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही."

हा सल्ला मला सगळ्यात मोलाचा वाटतो. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी तेवढाच बॉक्स केला, चिकटपट्टीनं सीटला लावला आणि दोन आठवडे तसाच घेऊन फिरले. तेरा सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही. पण पेटी आणि डग्गा शेजारी-शेजारी मावायचे ते मावेनात, आणि लांब सामानासाठी सीटची पाठ पाडायची म्हटलं की बॉक्स आडवा. आंब्याच्या रिकाम्या पेट्या मांडून पाहिल्या. एरवी चार बसतात, आता दोन. खर्च शून्य आणि उत्तर स्वच्छ.

राहिला सीटखालचा. आठ इंची, ओतीव ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचा, आतच ॲम्प (सिग्नलला ताकद देणारं यंत्र) बसवलेला, २८ × २० × ७ सेंमी. चार लिटरसुद्धा नाही. तो ६३ लिटरचा आणि हा चारचा, हे मला पटेना, म्हणून वाचायला लागले. जोसेफ हॉफमन या मोठ्या पियानोवादकाचा मुलगा अँटन हॉफमन स्पीकरच्या धंद्यात होता. १९५७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या केएलएच कंपनीच्या नावातला 'एच' त्याचाच. त्याच्या नावानं एक नियम सांगतात: लहान खोकं, खोल आवाज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. त्याच्याही आधी, १९५४ मध्ये, एडगर विल्चर या अमेरिकन संशोधकांनी बंद खोक्यातली हवाच स्प्रिंगसारखी वापरून लहान खोक्यातून खोल आवाज काढला होता, पण त्याची किंमत म्हणून ॲम्पची ताकद जास्त लागली. सीटखालच्या बूफरमध्ये सगळ्यात खालचं टोक सोडून द्यावं लागतं. ४० हर्ट्झच्या खाली तो फारसं काही सांगत नाही. माझा डग्गा ८० च्या वर राहतो. जे सोडायचं होतं ते मला नकोच होतं. शिवाय बंद गाडीची छोटी हवा खालच्या सुरांना थोडा आधार देते, तोही मिळाला.

जागा मोजताना मी भाच्याला सीटवर बसवलं, कारण माणूस बसला की सीटचं पोट खाली येतं. सीट पुढे, मागे, पूर्ण मागे, असं तीनदा मोजलं. डावीकडच्या सीटखाली सगळ्यात कमी ठिकाणी १० सेंमी मिळाले.

वायरिंग एका रविवारी अंगणात केलं. आलेला पोरगा हुशार होता, फक्त घाईत होता. "मॅडम, लायटरच्या सॉकेटवरून करंट घेतो, दहा मिनिटांत काम." मी नाही म्हटलं. बूफरच्या खोक्यावर १६० वॅट असं मोठ्या अक्षरात असतं. तो क्षणभराचा कमाल आकडा आहे, सतत मिळतात ते ५० वॅट. तरी जोराच्या ठोक्याला १४ अँपिअरपर्यंत ओढ जाऊ शकते आणि त्याच सॉकेटवर मोबाइलही लागतो. म्हणून वायर थेट बॅटरीवरून घेतली. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. फ्यूज बूफरजवळ लावला तर मधल्या सगळ्या वायरीला संरक्षण राहत नाही, ती पत्र्यावर घासली तर आग. पत्र्याच्या भोकातून वायर रबराच्या ग्रोमेटमधूनच ओढली. त्यानं आणलेली वायर मी ब्लेडनं खरवडली तर आतून पांढरी निघाली, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. बदलून अस्सल तांब्याची आणायला लावली. तो कुरकुरला नाही, उलट स्वतः खरवडून बघायला लागला.

सीटखाली पिवळ्या वेष्टणाच्या वायरी दिसतात. त्या एअरबॅगच्या यंत्रणेच्या असतात, त्यांना हातसुद्धा लावायचा नाही. आणि बूफर बसवायला तळाचा पत्रा भोसकायचा नाही, खालून ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या जाऊ शकतात. आम्ही जाड वेल्क्रो आणि पट्टीनं जखडला. गाडीच्या टेपच्या, म्हणजे म्युझिक सिस्टिमच्या मागे कपलरला कपलर जोडला, कंपनीची एकही वायर कापली नाही.

गाडी चालू केली आणि बारीक 'कुंऽऽई' ऐकू यायला लागली, ॲक्सिलरेटर दाबला की वर चढणारी. तो अल्टरनेटर. अर्थिंगची वायर रंगाच्या थरावर आवळली होती. पॉलिश पेपरनं खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, पुन्हा आवळली, आवाज गेला. बूफर ११,५०० रुपये, वायर-फ्यूज १,८००, मजुरी वेगळी.

सूर लावायला मी माझं स्वतःचं रेकॉर्डिंग घेतलं, विलंबित तीनताल, नुसता ठेका. त्यात डग्गा कसा वाजला होता हे माझ्या हाताला माहीत आहे. गेन आधी शून्यावर. तो आवाज कमी-जास्त करायचा कान नाही, टेपकडून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्पचं माप जुळवायचा स्क्रू आहे. जास्त पिळला तर डग्गा फाटतो. लो-पास ११० वर ठेवला, कारण बूफर आता पुढेच आहे आणि दिशा फुटायची भीती कमी. मग फेजचं बटण. शून्यावर 'धा' पोकळ, १८० वर केलं आणि अंग भरलं. दरवाजाचा स्पीकर आणि बूफर एकमेकांविरुद्ध ढकलत होते, ते आता एका दिशेनं ढकलायला लागले. 'धा' परत एका माणसाचा झाला. मी गाडी बंद न करता तिथेच अंगणात अर्धा तास बसले.

भाच्याला मात्र पसंत नाही. "मावशी, छाती हलत नाही गं." बरोबर आहे त्याचं, त्याच्या गाण्यांना तो बारा इंचीच हवा. पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी सीटखाली ओघळतं, म्हणून काठ असलेला रबरी मॅट घातलाय आणि मागच्यांना पाय तिथे सरकवू देत नाही.

मेमध्ये रत्नागिरीला गेलो. जाताना डिकीत पेटी, जोडी, स्टँड, दोन बॅगा. पोचा मी मिरजेत काढून घेतलाय, तरी बोट फिरवलं की जागा लागते. येताना आंब्याच्या चार पेट्या आणि बाबा. ते डावीकडे बसले, बूफरच्या वर, त्यांना काही सांगितलं नव्हतं. पालीच्या पुढे मी तेच रेकॉर्डिंग लावलं. थोडा वेळ त्यांचा हात मांडीवर टाळी-खाली देत होता. मग थांबला.

"कोण वाजवतंय?"

"मीच, बाबा."

"समेच्या आधी मींड अर्धवट सोडतेस. प्रत्येक आवर्तनात. मनगट लवकर उचलतेस."

मी पुन्हा लावून ऐकलं. खरंच सोडत होते, आणि आता ते मलाही ऐकू आलं. घाट चढून होईपर्यंत आम्ही त्याच सोळा मात्रा ऐकत आलो. सांगलीत पोहोचल्यावर बाबा उतरले, डिकीपाशी गेले आणि आंब्यांच्या आधी डग्ग्याची पिशवी बाहेर काढून म्हणाले, "चल, आत घे. हात दाखव."