सेलेनियम, कोटेड वाळू आणि तो 'बीडीएल'चा रिपोर्ट

पंजाबात एम.टेक. करताना माझा प्रोजेक्ट होता आयर्न ऑक्साइडचा थर दिलेल्या वाळूने पाण्यातलं सेलेनियम (जास्त झालं तर विषारी ठरणारं मूलद्रव्य) काढण्याचा. पाणी नवांशहरकडच्या एका ट्यूबवेलचं. शिवालिकच्या टेकड्यांतून वाहून आलेल्या गाळामुळे तिकडच्या काही गावांत मातीतच सेलेनियम जास्त आहे. गुरांचे केस गळतात, खूर सुटतात. वाळू तयार झाली, कॉलम (ही वाळू भरलेली, पाणी सोडायची नळी) चालला. घोडं अडलं रिपोर्टपाशी, आणि तो राग अजून गेलेला नाही.

लॅबच्या फॉर्मवर 'मूलद्रव्य' एवढाच रकाना. कितीतरी वाट पाहून रिपोर्ट आला. मथळा 'टोटल सेलेनियम', कॉलममधून बाहेर आलेल्या पाण्यापुढे 'बीडीएल' (बिलो डिटेक्शन लिमिट), म्हणजे यंत्राला दिसण्याइतकं सापडलंच नाही. मला ते पटेना. ऑक्सिजन असलेल्या अल्कधर्मी भूजलात सेलेनियम बहुतांशी सेलेनेटच्या रूपात असतं; पाण्यात विरघळलेलं त्याचं दुसरं रूप म्हणजे सेलेनाइट. लोखंडाचा थर सेलेनाइटला घट्ट धरतो, सेलेनेटला नाही. पाण्यात सल्फेट असेल तर तेच जागा अडवून बसतं. मग पाणी इतकं साफ कसं?

लॅबचं यंत्र हायड्राइड जनरेशनचं एएएस, म्हणजे सेलेनियमचा वायू करून तो प्रकाश किती शोषतो ते मोजणारं. त्यावर फक्त सेलेनाइट दिसतं. सेलेनेट मोजायचं तर नमुना आधी हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून त्याचं सेलेनाइट करावं लागतं. ते केलं होतं का, एवढाच माझा प्रश्न. लॅबच्या खिडकीवर म्हणायचे, ऑपरेटरला विचारा. ऑपरेटर म्हणायचे, गाइडचं पत्र आणा. पत्र नेलं तर, "मॅडम, मशीन झूठ नहीं बोलती." फेरतपासणी हवी? फी पुन्हा, रांग पुन्हा. इकडे ट्यूबवेलवाले सरदारजी फोनवर विचारायचे, "बेटा, पानी ठीक हो गया?" हातात 'बीडीएल'चा कागद होता, पण मी हो म्हटलं नाही.

शेवटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडियम सेलेनेट विरघळवून लिटरला ५० मायक्रोग्रॅम सेलेनियमचा नमुना केला आणि इतरांसारखाच नंबर टाकून रांगेत दिला. रिपोर्ट: बीडीएल! तो कागद आणि माझ्या वहीतलं वजनाचं पान शेजारी शेजारी ठेवलं, तेव्हा कुठे आतून बोलावणं आलं. सगळे नमुने आम्लात तापवून पुन्हा लावले, फी न घेता. कॉलममधून बाहेर येणाऱ्या पाण्यातही बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) पिण्याच्या पाण्यासाठीच्या ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर मर्यादेपेक्षा जास्त सेलेनियम निघालं. कॉलम नापास झाला, पण आकडा खरा मिळाला, आणि तो मी मिळवला याचा मला अभिमान आहे.

तेव्हा नमुने देतानाच लेखी विचारा, आम्लात तापवणार का? प्रत्येक खेपेला माहीत असलेल्या सेलेनेटची एक बाटली सोबत द्याच. आयसीपी-एमएस (अणू त्यांच्या वस्तुमानावरून मोजणारं यंत्र) मिळालं तर एकूण सेलेनियम थेट कळतं. मात्र सेलेनियमच्या ८० वस्तुमानावर यंत्रातल्याच आर्गॉन वायूची जोडी आडवी येते, म्हणून कोणत्या आयसोटोपवर (वेगळ्या वस्तुमानाच्या अणूवर) मोजतात तेही विचारून घ्या.

वाळूचं राहिलंच. फेरिक नायट्रेटमध्ये घोळवून ११० अंशांना सुकवल्यावर, पाणी तांबूस यायचं थांबेपर्यंत ती धुवा, नाहीतर सुटलेला थरच सेलेनियम घेऊन बाहेर पडतो. आणि कॉलम भरण्याआधी पाण्यातलं सल्फेट तपासून घ्या. ते भरपूर असेल आणि सेलेनियम सेलेनेटच्या रूपात असेल, तर या वाळूवर महिने घालवू नका.