ॲसिडवाली ताई

काकूंनी पाकीट उघडलं, आतल्या दोनशेच्या तीन नोटा बघितल्या आणि पाकीट तसंच माझ्या मांडीवर ठेवलं. "मी काय दलाल शे का वं?"

काकू एरवी माझ्याशी शुद्ध मराठीत बोलतात. त्या अहिराणीवर आल्या म्हणजे प्रकरण आतपर्यंत गेलेलं असतं. माझं तोंड उतरलं. चार महिन्यांपूर्वी मोठ्या हौसेनं मी पाचशे कार्डं छापली होती: 'नवीन गिऱ्हाईक पाठवा, दोनशे रुपये मिळवा'. त्यातली तीनच फिरून आली, आणि त्यातलंही एक माझ्याच मावसबहिणीचं होतं. आता कुठे एकाच घराच्या ओळखीतून तीन नवे फोन आले, म्हणून मी कार्डावर छापल्याप्रमाणे सहाशे रुपये द्यायला गेले होते. आणि बाई रागावल्या.

हे कळायला आधीच्या शनिवारी काय झालं ते सांगावं लागेल.

अमळनेरात माझा साफसफाईचा छोटा व्यवसाय आहे. मी, दोन मावश्या आणि एक पोरगा. टाक्या धुणं, सोफे, स्वयंपाकघरातला तेलकटपणा हे सगळं करतो, पण आमची खरी भाकरी क्षारावर. बोअरचं पाणी असलेल्या घरात नळ, शॉवर, टाइल्स वर्षभरात पांढऱ्या पडतात. साबणानं ते हलत नाही, ॲसिड लागतं. श्रावणात कामाची नुसती झुंबड उडते, कारण कानबाई, आमची खानदेशची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, त्याआधी खानदेशात घर असं घासतात की दिवाळीनं लाजावं. रोट, म्हणजे तिचा प्रसाद, फक्त भाऊबंदांत खायचे, त्यामुळे सगळी भाऊबंदकी एका छताखाली येते. सुरतेहून, पुण्याहून, कुठून कुठून. आणि आलेली प्रत्येक जाऊ आधी बाथरूम बघते, मग देवीला हात जोडते. (माझ्या सासरीही हेच.)

काकूंकडे शनिवारी सकाळी आठला लागलो. हजार लिटरची टाकी, दोन बाथरूम, स्वयंपाकघर आणि हॉल. हॉलच्या कोपऱ्यात देवघर, खाली पांढऱ्या मार्बलचा ओटा. बाथरूम संपवून पोरगा बादली उचलायला गेला आणि हातातली ॲसिडची बाटली त्यानं क्षणभर ओट्यावर ठेवली. क्षणभरच. पण बाटलीचं बूड ओलं होतं.

मार्बलचं गणित साधं आहे आणि ते मला पाठ होतं, त्याला मात्र कधी सांगितलं नव्हतं. टाइलवरचा पांढरा थर म्हणजे बराचसा चुनखडीचा, आणि मार्बल म्हणजेही चुनखडीच, फक्त देखणी. ॲसिडला दोघांतला फरक कळत नाही. मी पाणी ओतेपर्यंत बांगडीएवढं निस्तेज वर्तुळ उमटलं होतं. चकाकी गेलेली, हात फिरवला तर खरखरीत.

पोरगा रडायच्या बेतात. मोठी मावशी कानाशी आली, "ताई, उद्या वरून चौरंग येणार. केळीचे खांब, फुलं. कोणाला दिसणार नाही." खोटं नव्हतं ते. चौरंगानं ते वर्तुळ सहज झाकलं असतं. आणि खरं सांगते, दोन-तीन मिनिटं मी तोच विचार करत उभी होते. प्रामाणिकपणा वगैरे नव्हता तो. सोमवारी विसर्जन होऊन चौरंग उचलला की हिशेब माझ्याच नावावर निघणार, एवढंच डोक्यात आलं आणि मी काकूंना हाक मारली.

त्या आल्या, बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पदरानं ते वर्तुळ पुसून बघितलं, दोनदा, आणि हळूच म्हणाल्या, "आन सकाय आठेच कानबाई बठनार शे ना." उद्या इथेच बसणार होती ती.

मग मी फोनवर फोन लावत सुटले. मार्बल घासणारा एक राजस्थानी कारागीर धुळ्याच्या कामावरून संध्याकाळी परतणार होता, त्याला स्टँडवरूनच उचलून आणला. बारीक-बारीक पॅड बदलत त्यानं दीड तास घासलं, पॉलिश केलं. समोरून बघितलं तर डाग नाही. खाली वाकून, दिव्याच्या उजेडात तिरपं बघितलं तर आहे. तेही मी काकूंना वाकवून दाखवलं. कारागिराचे पंधराशे मी दिले, हॉलचे पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, आज किती सुटले? मी जेवायला वाढलं.

मंगळवारी दुपारी पहिला फोन आला. पारोळ्याहून. "तुम्हीच का त्या ॲसिडवाल्या ताई?"

पोटात गोळाच आला. वाटलं, झालं, भाऊबंदकीत आपलं नाव निघालं. पण बाई टाकी धुवायचा भाव विचारत होत्या. बुधवारी चोपडा रोडवरून एक. तिसरा फोन उधन्याहून, सुरतेजवळच्या. म्हणे सुरत-भुसावळ गाडीत बसलं की तुम्ही सरळ आमच्या दारात. चार बादल्या आणि मशीन घेऊन मी काही गाडीत बसणार नव्हते, पण अंगावर मूठभर मांस चढलं.

जागरणाच्या रात्री काकूंनी काय सांगितलं होतं ते मला पारोळ्याच्या बाईंकडून कळलं. बाथरूम किती चकचकीत, हे नाही. ते सगळ्यांना दिसतच होतं. त्यांनी चौरंगाच्या कडेला बोट दाखवून सांगितलं, इथे डाग पडला होता, पोरीनं लपवला नाही.

आता पाकिटाकडे येते. काकू म्हणाल्या, "मी त्यांना तुझं नाव सांगितलं ते माझ्या जबाबदारीवर. उद्या तू तिथे घाण केलीस तर त्या तुला नाही बोलणार, मला बोलतील. आणि पुढच्या वर्षी रोट खायला त्या याच घरात यायच्या आहेत. त्याचे तू दोनशे रुपये देतेस?"

मला उत्तर सुचेना. मी कार्डावर छापलं तेव्हा हिशेब असा केला होता की नाव सुचवणाऱ्याचा वेळ जातो, त्याची भरपाई द्यावी. वेळ कसला? एक वाक्य बोलायला किती लागतो? गहाण पडते ती अब्रू, आणि तिला मी दोनशेचा भाव लावला होता. या गावात १९४५ साली तेलाचा कारखाना म्हणून निघालेली विप्रो आज कुठे पोचली. पण इथली माणसं अजून शेअर काय आणि सून काय, चार घरी विचारूनच घेतात. त्या विचारण्यात पैशाचा वास आला की सांगणाराच संशयात येतो.

काकूंनी चहा ठेवला आणि मग ज्यासाठी त्यांचा जीव खरा अडकला होता ते विचारलं. "पारोळाले जाई उनी का तू? काय म्हने ती?"

मी जाऊन आले होते, पण काकूंना कळवायचं सुचलंच नव्हतं. टाकीत तळाला चार बोटं गाळ निघाला, बाई खूश झाल्या, फक्त झाकणाची बिजागरी तुटकी होती ती आम्ही तोडली नाही, असं सगळं सांगितलं. बिजागरीचं ऐकून त्या ताठ बसल्या. "फोटो काढला का कामाआधी?" काढला होता. मग कुठे त्यांनी कपात चहा ओतला. उधन्याच्या वहिनीला नाही म्हटलं तेही सांगितलं, तर म्हणाल्या, बरं केलं, ती पैसे बुडवते.

उरलेल्या कार्डांच्या कोऱ्या बाजूवर मी आता वाणसामानाच्या याद्या करते. वहीत नवीन गिऱ्हाइकाच्या नावापुढे कोणी पाठवलं ते लिहिते, आणि काम संपलं की गाडीवर बसायच्या आधी त्या माणसाला फोन लावते. पाच मिनिटं जातात. कधी पंधरा, कारण बाथरूमसोबत घरातलं बाकीचंही विचारतात. ते मी सांगत नाही.

निघताना काकूंनी देवघराचा दिवा लावला आणि मला म्हणाल्या, "वाक जरा." वाकले. उजेडात ते वर्तुळ अंधुक दिसत होतं. नेमकं त्यावरच त्यांनी पाण्याचा तांब्या ठेवला होता. बूड कोरडं आहे का, ते मी आधी बघितलं.