बोटाच्या पेराएवढी नळी

इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये घरांच्या हीटिंगची कामं करतो. मागच्या जानेवारीत एका मराठी घरातून बोलावणं आलं. साताऱ्याहून आजी आल्या होत्या आणि त्यांना दिलेल्या छोट्या खोलीत रेडिएटरच (बॉयलरच्या गरम पाण्याने खोली तापवणारं पॅनल) नव्हता. घरातले पाइप प्लास्टिकचे. असं काम मला आवडतं. जोड डागायला ज्योत पेटवावी लागत नाही, फळ्यांखालून पाइप वळवत नेता येतो.

सामान उतरवत होतो तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "बॉयलरचं प्रेशर सारखं उतरतं हो. आठ-दहा दिवसांनी पाणी भरावंच लागतं." माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. बंद सिस्टीममधलं पाणी आपोआप कमी होत नाही.

ड्रेन कॉकला, म्हणजे सिस्टीम रिकामी करायच्या तोटीला, होज लावून पाणी सोडलं, तर शाईसारखं काळं. दर वेळी भरलेल्या ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो, रेडिएटरचं पोलाद गंजतं, त्याचाच हा गाळ.

कार्पेट दुमडून फळी काढली. नव्या फाट्यासाठी टी-जोड बसवायला आत हात घातला, तर जुन्या एल्बोखालचं (कोपऱ्यावरच्या जोडाखालचं) लाकूड ओलं लागलं. एल्बो सोडवून पाइप ओढून काढला. त्याच्या तोंडात इन्सर्ट नव्हता.

इन्सर्ट म्हणजे बोटाच्या पेराएवढी नळी, पाइपच्या टोकात आतून सरकवायची. पुश-फिट, म्हणजे पाइप नुसता दाबून बसवायच्या, जोडात रबरी ओ-रिंग पाइपला बाहेरून आवळून धरते. गरम पाण्याने प्लास्टिक मऊ पडतं. आतून आधार नसला की ते चेपत जातं आणि जोड पाझरू लागतो. या पाइपचं तोंड लंबगोल झालं होतं. शिवाय टोक करवतीने तिरकं कापलेलं, त्याचे चरे ओ-रिंगवर उठलेले. आधीच्या माणसाचा मला मनापासून राग आला. काही पेन्सची वस्तू, आणि ती घालायला पाच सेकंदही लागत नाहीत.

खराब भाग कटरने सरळ कापून टाकला. इन्सर्ट घातला, पाइप किती आत जायला हवा त्याची पेन्सिलने खूण केली, खूण झाकेपर्यंत दाबला, मग उलटा ओढून पाहिला. प्रत्येक जोडाला हेच. त्या फळ्यांखालचे जुने जोडही उघडून पाहिले. आणखी एकात इन्सर्ट नव्हता.

रेडिएटर टांगला, सिस्टीम धुतली, गंज रोखणारं इनहिबिटर घातलं, प्रेशर दीड बारवर नेलं. जोडांना टिश्यू गुंडाळून हीटिंग पूर्ण तापवलं आणि पुन्हा गार होऊ दिलं. इथे मी कधीच घाई करत नाही. गळती बऱ्याचदा पाइप गार होऊन आकसल्यावरच दिसते. टिश्यू कोरडे निघाले तेव्हाच फळ्या ठोकल्या.

बाहेर काळोख झाला होता. आजी खुर्ची ओढून रेडिएटरपाशी बसल्या होत्या, तळवे त्याच्याकडे करून. म्हणाल्या, "बाळा, जेवूनच जा आता."

पंधरा दिवसांनी मी वहिनींना फोन केला. प्रेशरचा काटा होता तिथेच होता.