घड्याळवाली कॉफी

गणपतीच्या चवथीला घरी येताना यंदा माझ्या बॅगेत चॉकलेटं कमी होती, कारण निम्मी जागा एका जुन्या कॉफीच्या यंत्राने खाल्ली होती. गोव्यात साखळी गावी आमच्या घरामागच्या दोन खोल्या दादाने पर्यटकांसाठी तयार केल्या आहेत. हरवळ्याचा धबधबा बघायला येणारे लोक राहतील, असा त्याचा हिशेब. फोनवर म्हणाला, "तुझं ते रात्री भरून ठेवायचं यंत्र घेऊन ये गे. लोकांना उठल्या उठल्या कॉफी लागते. तुझ्या वैनीने किती वाजता उठायचं?" मी नुकतंच नवं घेतलं होतं, जुनं धडधाकट होतं. दोन सुती साड्यांत ते गुंडाळलं, काचेचं भांडं हातातल्या पिशवीत घेतलं आणि टोरांटोपासून मोपाच्या विमानतळापर्यंत मांडीवर सांभाळत आले. शेजारच्या सीटवरच्या आजीबाईंना वाटलं, पिशवीत देव आहे.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रात्री झोपताना टाकीत पाणी भरायचं, वरच्या टोपलीत कागदाची गाळणी बसवायची, तिच्यात कॉफीची पूड घालायची आणि घड्याळात पहाटेची वेळ लावायची. आत पंप वगैरे काही नसतो. तळाशी तापणारी एक तार असते, तिला लागून एक नळी. नळीतलं पाणी उकळतं आणि पेजेवरचं झाकण वाफेने उचलावं तसं बुडबुड्यांच्या जोराने वर ढकललं जातं. उलटं टाकीत जाऊ नये म्हणून मध्ये एक झडप. वर पोचलेलं पाणी पुडीवर पडतं, खाली भांड्यात थेंब थेंब कॉफी. तीच तार भांड्याखालची तबकडीही तापवत राहते. टाकी रिकामी व्हायला आली की यंत्र घसा खाकरल्यासारखं गुरगुरतं. माझा गजर तोच.

टोरांटोशेजारच्या मिसिसॉगात मी एका तळघरातल्या खोलीत राहते आणि प्रयोगशाळेत काम करते. पहिली पाळी सहाला सुरू होते, बस पाच वीसची. डिसेंबरात सूर्य पावणेआठला उगवतो, म्हणजे मी कामाला लागून पावणेदोन तास झालेले असतात तेव्हा बाहेर उजाडतं. पहिल्या हिवाळ्यात मी रोज उठायचे, अंधारात चाचपडत दिवा लावायचे आणि तशीच पलंगाच्या कडेला बसून राहायचे. साखळीच्या घरात मला जाग यायची ती आईने टोपावर झाकण ठेवल्याच्या आवाजाने, नाहीतर पाव विकणाऱ्या पोदेराच्या पोंपोंने. इकडे भिंतीतून येणाऱ्या गरम हवेचा घूंऽ सोडला तर काही नाही. डिसेंबरच्या सेलमध्ये चाळीसेक डॉलरला हे यंत्र मिळालं. पहिल्या पहाटे साडेचारला ते गुरगुरलं, खोलीभर वास सुटला, आणि घरात आपल्या आधी कुणीतरी उठून स्वयंपाकघरात खुडबुड करतंय असं क्षणभर वाटलं. घरी तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात, आईच्या चहाची वेळ. बाकी सगळे फायदे मी लोकांना सांगते ते खरे आहेत, पण यंत्र घेतलं ते टिकलं याच एका कारणाने.

फायदे म्हणाल तर सकाळची सहा-सात मिनिटं वाचतात. बाहेरच्या रांगेत उभं राहून दोन चमचे साखर आणि दोन माप क्रीमवाली डबल-डबल घ्यायची सवय मोडते. आणि दोन तासांनी यंत्र आपोआप बंद होतं. हे शेवटचं सगळ्यात मोलाचं. बसमध्ये बसल्यावर 'गॅस बंद केला ना?' म्हणून पोटात गोळा येणाऱ्या माणसांपैकी मी आहे.

आता तक्रारी, आणि त्या बऱ्याच आहेत.

यंत्राला वेळ कळते, बाकी काही कळत नाही. खाली भांडं आहे की नाही, भांड्यात कालची कॉफी उरली आहे का, टाकीत पाणी घातलंय का, याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. फेब्रुवारीत एकदा दुपारच्या पाळीवरून दमून आले, टाकी भरली, पूड घातली, वेळ लावली आणि झोपले. भांडं मात्र तबकडीवर तसंच होतं, कालच्या अर्ध्या कॉफीसकट. पहाटे गुरगुर ऐकू आली, वास आला, नंतर टप्‌टप्‌ असा वेगळा आवाज यायला लागला. उठून पाहते तर कॉफी भांड्याच्या ओठावरून ओट्यावर, ओट्यावरून ड्रॉवरच्या फटीत, आणि ड्रॉवरमध्ये माझे चमचे, रबरबँड आणि पासपोर्टचे फोटो. त्या फोटोंतली मी अजून तपकिरी आहे.

दुसरी तक्रार पाळ्यांची. ज्यांचं ऑफिस रोज एकाच वेळी असतं त्यांना हे यंत्र शोभतं. माझा आठवडा दर वेळी वेगळा. सुट्टीच्या दिवशी पहाटे साडेचारला कॉफी होते, मी नवाला उठते, तोवर तबकडी बंद होऊन कॉफी गार झालेली. तशीही काचेच्या भांड्यातली कॉफी अर्ध्या तासाने करपट व्हायला लागतेच, कारण खालून आच चालू असते. नवं यंत्र घेताना मी थर्मासच्या भांड्याचं घेतलं ते यासाठी. त्याला तबकडीच नाही. घेणार असाल तर दहा-वीस डॉलर जास्त मोजून तेच घ्या.

ताज्या पुडीचं जे म्हणतात तेही खरं आहे. दळल्यावर कॉफीचा वास उडायला लागतो आणि इथे तर पूड रात्रभर उघडी बसलेली असते. पण मी डब्यातली दळलेलीच आणते, मला तरी फरक कळत नाही. ज्यांना कळतो त्यांनी हे यंत्र घेऊ नये, सकाळी उठून बिया दळाव्यात. चांगल्या कॉफीला साधारण ९० ते ९६ अंशांचं पाणी आणि लिटरला ५५ ग्रॅमच्या आसपास पूड लागते. स्वस्त यंत्रं त्या तापमानापर्यंत नेहमी पोचतातच असं नाही. खोक्यावर लिहिलेल्या 'बारा कप'वर तर अजिबात जाऊ नका. त्यांचा कप दीडशे मिलिलिटरच्या आसपासचा. इकडचे लोक कॉफी पितात त्या मगात मोजले तर बाराचे पाच-सहाच भरतात.

तर असं हे यंत्र साखळीला पोचलं.

दादाला वाटलं होतं, पिन बदलली की झालं. बाजारातल्या इलेक्ट्रिशियनने यंत्र उलटं करून खालची पट्टी वाचली आणि हात जोडले. कॅनडाची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. तापणाऱ्या तारेला दुप्पट व्होल्ट दिले की उष्णता दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होते. म्हणजे आपल्या भिंतीत थेट घातलं असतं तर पहिल्याच कॉफीला आतला फ्यूज उडाला असता, आणि तोही नशीब चांगलं असतं तर. प्रवासात मोबाइलसाठी वापरतो ते छोटे कन्व्हर्टर इथे उपयोगाचे नाहीत, कारण यंत्र ९०० वॉट खातं. शेवटी दादा शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला गेला आणि सहा-सात किलोचा ट्रान्सफॉर्मर घेऊन आला. यंत्रापेक्षा जड. चालू केला की भुंग्यासारखा गुणगुणतो.

गाळणीचे कागद मी शंभर नेले होते, पण ते संपल्यावर काय? हे कागद निघाले तेही एका आईच्या स्वयंपाकघरातून. १९०८ साली ड्रेस्डेनमध्ये मेलिटा बेंट्झ नावाच्या बाईने मुलाच्या वहीतला टीपकागद भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात घालून कॉफी गाळून पाहिली. बाबा निवृत्त शिक्षक, टीपकागद शब्द ऐकून त्यांचे डोळे चमकले. आईने मात्र चक्का टांगायचं मलमल काढलं, शंकू शिवला आणि विषय संपवला. पहिल्या खेपेला दादाने चिकोरीवाली फिल्टर कॉफीची पूड घातली. ती इतकी बारीक की पाणी खाली उतरेना, टोपली तुडुंब भरून वरून वाहायला लागली. ओटा पुसायचा अनुभव माझ्याकडे होताच.

मग खरी गंमत सुरू झाली. रात्री दहाला मी घड्याळ जुळवलं, सहाची वेळ लावली. सहाला सगळे स्वयंपाकघरात जमलो. यंत्र गप्प. पडद्यावर ४:४०. वीज गेली असती तर घड्याळ १२:०० वर लुकलुकत बसलं असतं, तसंही नव्हतं. मला वाटलं मीच झोपेत चुकीचं जुळवलं. आईने साडेपाचलाच चहा केला होता, तो प्यायलो. पोदेर येऊन गेला. सात वाजून छत्तीस मिनिटांनी आम्ही भाजी-पाव खात असताना मागून घसा खाकरल्याचा आवाज आला आणि पुतण्या ताटावरून उठून पळाला.

दुसऱ्या रात्रीही तेच, मिनिटाचाही फरक नाही. तिसऱ्या दिवशी दादा गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला बांधायला कांगलां आणि सुपाऱ्यांचे घोस निवडत होता, तेव्हा बाबा मनगटावरचं घड्याळ काढून यंत्रासमोर खुर्ची टाकून बसले. तासाभराने मला हाक मारली.

"बाय, तुझं घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडतंय गे. तिकडची वीज किती हर्ट्झची?"

"साठ."

"आणि आपली पन्नास," म्हणून बाबा असे हसले, जणू वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाने बरोबर उत्तर दिलं. या यंत्राचं घड्याळ सेलवर चालत नाही, ते विजेच्या फेऱ्या मोजतं. साठ फेऱ्या झाल्या की एक सेकंद, एवढंच त्याला ठाऊक. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरवले, पण फेऱ्या पन्नासच राहिल्या. आपली मिनिटं बहात्तर होतात तेव्हा त्याचा तास भरतो. दोन तासांनी बंद होणारं यंत्रही मग दोन तास चोवीस मिनिटांनी बंद होतं, हेही बाबांनी बसून पाहिलं.

दादा म्हणाला, टाकून दे, किटली ठेवू. बाबांनी कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि पाठीमागे कोष्टक मांडलं. सहाला कॉफी हवी तर रात्री नऊला ४:३० लावायचं, साडेनऊला ४:३५, दहाला ४:४०, साडेदहाला ४:४५, अकराला ४:५०. मात्र रोज रात्री आधी घड्याळ बरोबर करून घ्यायचं, कारण चोवीस तासांत ते चार तास मागे पडलेलं असतं. पान यंत्राच्या वर, भिंतीला चिकटवलं. चवथीच्या पाचही रात्री जेवणं आटोपली की बाबा चष्मा चढवून त्या बटणांपाशी उभे. मध्ये एकदा वीज गेली आणि मध्यरात्री ते पुन्हा उठले.

भाद्रपदात या यंत्राचं एक वेगळंच दुखणं कळलं, जे कोरड्या मिसिसॉगात कधी दिसलं नव्हतं. रात्री घातलेली पूड सकाळपर्यंत दमट होऊन गोळा होते. वापरलेली पूड दोन दिवस टोपलीत विसरली तर पांढरी बुरशी धरते. आणि तबकडी गार झाली की खालच्या उबेला मुंग्या येतात. वैनी म्हणाली, "तुझ्या यंत्रापेक्षा ते सांभाळायचीच कामं जास्त." तिचं चुकत नव्हतं. ज्या घरात कुणीतरी पाचला उठतंच, तिथे पहाटे उठणारं यंत्र हवंय कुणाला?

मी परत आले. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इकडे घड्याळं तासभर मागे घेतात. फोनचं आपोआप होतं. ओव्हन, मायक्रोवेव्ह आणि कॉफीचं यंत्र हाताने करावं लागतं. ते करता करता घरी फोन लावला. फोन बाबांनी घेतला. बाबा कॉफी पीत नाहीत, सकाळी त्यांना धण्या-जिऱ्याचं कशाय लागतं. दादाच्या खोल्या भरल्या का, विचारलं.

"काल होते चौघे. पुण्याचे."

"मग? कॉफी आवडली?"

"ते चहाच मागत होते," बाबा म्हणाले. "पण झाली मात्र बरोबर सहाला."