बडोद्याला जायचं आणि परत यायचं

आमची लेक पाच वर्षांची असताना झारखंडमधल्या एका संस्थेतून आमच्या घरी न्यू जर्सीला आली. तिचं नाव इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. त्यानंतर दीड वर्षाने, जानेवारीत, आम्ही तिला पहिल्यांदा बडोद्याला नेलं, दांडिया बाजारात माझ्या आईबाबांकडे. अठरा दिवस राहिलो. दत्तकाच्या याच वाटेवर असलेल्या आईवडिलांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

आई पहिल्या महिन्यापासून विचारत होती, "कधी आणताय?" आम्ही थांबलो. संस्थेत मुलाला सांभाळणारी माणसं पाळीप्रमाणे बदलत असतात. हाक मारली की दर वेळी हीच दोघं येतात, हे मुलाला कळायलाच महिने जातात. सुरुवातीला आमची लेक कुणाच्याही मांडीवर जाऊन बसायची. लोक म्हणायचे, किती माणसाळलेली पोर! आम्हाला मात्र त्याचीच काळजी वाटायची. मग एके दिवशी दुकानात एक अनोळखी बाई बोलायला आल्या, तर ही माझ्या मागे लपली आणि माझा कुर्ता घट्ट धरून उभी राहिली. त्या रात्री आम्ही तिकिटं काढली. तुमच्या मुलाच्या बाबतीतही कॅलेंडर बघू नका, अशा एखाद्या खुणेची वाट बघा.

आता कागदपत्रं, कारण यातच सर्वात जास्त वेळ जातो. आम्ही दोघं अमेरिकन नागरिक आणि ओसीआयधारक (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया). लेक भारतीय पासपोर्टवर आयएच-३ व्हिसा (दत्तक मुलांसाठीचा) घेऊन आली आणि 2000 च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे अमेरिकेत पाऊल ठेवताच तिथली नागरिक झाली. म्हणजे तिचा भारतीय पासपोर्ट त्याच दिवशी बाद. बऱ्याच जणांच्या हे लक्षात येत नाही आणि ऐनवेळी धावपळ होते. आधी नागरिकत्वाचा दाखला, मग अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट, आणि ते हातात आल्यावर ओसीआयचा अर्ज, हाच क्रम. आम्ही सहा महिने आधी सुरुवात केली होती, तरी शेवटी धाकधूक होतीच. प्रवासात दत्तक आदेश, हेग दत्तक कराराच्या कलम 23 चं अनुरूपता प्रमाणपत्र आणि आमची नावं असलेला जन्मदाखला, या तिन्हींच्या प्रती हातातल्या पिशवीत ठेवा. आम्हाला कुणी विचारलं नाही, पण त्या जवळ असल्या की मन शांत राहतं. आणि 'कारा'चे, म्हणजे भारताच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचे, अहवाल विसरू नका: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. आमचा एक नेमका प्रवासाच्या महिन्यात येत होता, तो निघण्याआधीच उरकला.

निघायच्या दोन दिवस आधी मी लेकीची छोटी बॅग उघडली. सगळ्यात वर तिचा निळा फ्रॉक होता. संस्थेतून आली तेव्हा अंगावर होता तो, आता काखेत अडकतो. मी विचारलं, "हा कशाला गं?"

"तिकडे हाच लागेल ना," ती म्हणाली.

मी तिथेच जमिनीवर बसले. आजी-आजोबा, पतंग, गाडी, सगळं आम्ही तिला महिनाभर रंगवून सांगत होतो. तिला एवढंच कळलं होतं की विमानात बसून आपण जिथून आलो त्या देशात चाललो आहोत. आम्ही तिला परत द्यायला निघालो आहोत, असं तिने धरलं होतं, आणि कसलाही हट्ट न करता सामान भरलं होतं.

हा सगळा वृत्तांत मी लिहिते आहे तो या एका गोष्टीसाठी. मुलाला 'आपण कुठे जाणार' हे सांगण्याआधी 'आपण तिघं परत कधी येणार' ते सांगा. सांगून भागत नाही, दाखवा. आम्ही परतीच्या तिकिटांचा कागद छापला, त्यावर तिचं नाव कुठे आहे ते तिला शोधायला लावलं. अठरा चौकोनांचा तक्ता केला, रोज रात्री एकावर फुली. तिचं हत्तीचं जिगसॉ अर्धं लावून खोलीत तसंच ठेवलं आणि सांगितलं, याला कुणी हात लावणार नाही, आल्यावर तूच पुरं करायचं. निळा फ्रॉक मात्र मी बॅगेतून काढला नाही. तिला हवा होता, आला बरोबर.

प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मुंबईला उतरून एक रात्र विमानतळाजवळ झोप काढली आणि सकाळी बोरिवलीहून वंदे भारतने निघालो. सीट हवी म्हणून लेकीचं पूर्ण तिकीट लागलं. अहमदाबादला उतरून एक्सप्रेसवेने आलात तर बडोदा दोनेक तासांवर आहे. पण मूल थकलेलं असेल तर मधली एक रात्र सोडू नका. पन्नास माणसांत झोपाळू, रडवेलं पोर नेऊन उभं करण्यात काही अर्थ नाही.

आमच्याकडे पन्नास माणसं नव्हतीच. पहिले चार दिवस घरात फक्त आई आणि बाबा, हे आधीच ठरलं होतं. आणखी एक ठरलं होतं, आणि ते आईला फार लागलं: सुरुवातीला भरवणं, आंघोळ, पडली तर उचलणं हे सगळं आम्हीच करणार. फोनवर आई म्हणाली होती, "नातीला एक घाससुद्धा द्यायचा नाही मी?" फोन ठेवून मी रडले. पण आईने शब्द पाळला. दारात औक्षणाचं ताम्हन घेऊन उभी होती. लेक ज्योत बघून मागे सरकली. आई काही न बोलता खाली बसली, लेकीच्या हातातल्या बाहुलीला कुंकू लावलं, तिला ओवाळलं, तिच्या तोंडाला साखर लावली. बाहुलीचं झाल्यावर लेकीने आपलं कपाळ पुढे केलं.

आईने आणखी एक फार शहाणपणाचं काम केलं. लेक खाणं लपवते, हे मी सांगितलं होतं. उशीच्या अभ्र्यात चकली, खिशात पोळीचा तुकडा. आईने तिला लिल्या चिवड्याचा (बडोद्याचा ओलसर चिवडा) वेगळा डबा दिला आणि तिच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवला. संपला की भरायचा, किती खाल्लास ते विचारायचं नाही. पाचव्या दिवसापासून अभ्र्यात काही सापडलं नाही. आठव्या दिवशी वरणभाताचा वाडगा तिने आपण होऊन आजीपुढे धरला.

बिघडलं ते उत्तरायणाच्या दिवशी. गच्चीवर सगळी गल्ली जमलेली, लेक फिरकी धरून खुशीत. शेजारच्या एक काकू मायेने म्हणाल्या, "इथेच राहतेस का गं? जाऊ दे आईबाबांना, आम्ही ठेवून घेतो तुला!" आपल्यात प्रत्येक लहान मुलाला कुणी ना कुणी हे म्हणतंच. मलाही म्हणायचे. लेकीने फिरकी खाली ठेवली. जेवली नाही. रात्री पांघरूण सारखं करायला गेले तर पायात बूट, नाड्या बांधलेल्या, बूट घालूनच झोपलेली. आम्ही तिला उठवलं नाही, बूटही काढले नाहीत. दोघं तिच्या दोन्ही बाजूंना झोपलो.

सकाळी बाबा काकूंकडे जाऊन बोलले. काकू ऐकून हादरल्याच. संध्याकाळी स्वतः आल्या आणि तक्त्याकडे बोट दाखवून लेकीला म्हणाल्या, "इतक्या फुल्या झाल्या की तू आईबाबांबरोबर घरी जाणार, मला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी परत ये." तेव्हा 'इथेच राहतेस का' हे एक वाक्य म्हणायचं नाही, असं जाण्याआधीच नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना नक्की सांगून ठेवा. 'पुण्याचं काम केलंत' आणि 'खरी आई कुठंय' हीसुद्धा ऐकावी लागतील. पहिल्याला मी म्हणते, आम्हाला मूल हवं होतं. दुसऱ्याला मुलासमोर उत्तर देत नाही.

आईची हौस होती बोरन्हाणाची. सहा वर्षांच्या मुलीचं बोरन्हाण? पण तिचं तान्हेपण कुणीच साजरं केलं नव्हतं, आणि रथसप्तमीपर्यंत दिवस होते. हलव्याचे दागिने घालून ती पाटावर बसली. डोक्यावर बोरं, चुरमुरे, उसाचे करवे पडले तशी क्षणभर गोंधळली, मग उठली, दोन्ही मुठी भरल्या आणि आजीच्या डोक्यावर ओतल्या. मग आजोबांच्या. मग आमच्या.

बडोद्यात मुलांना न्यायचं ठिकाण म्हणजे सयाजीबाग, आमची कमाटी बाग. 1879 मधली. झाडं, प्राणी आणि म्युझियममध्ये देवमाशाचा भलामोठा सांगाडा. सकाळी लवकर जा. आमची सर्वांत मोठी गोष्ट मात्र बागेजवळ काळ्या घोड्यापाशी घडली. घोड्यावरचे राजे कोण, असं लेकीने विचारलं आणि बाबांनी सांगितलं: हे सयाजीराव. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा, बारा वर्षांचा. 1875 मध्ये जमनाबाई महाराणींनी त्याला दत्तक घेतलं. पुढे त्याने सगळ्या राज्यातल्या मुलांना शाळा सक्तीची आणि फुकट केली.

मी जरा धास्तावले होते. दत्तक मूल म्हणजे राजा होणारं मूल, असं ओझं तिच्यावर नको होतं. तिने भलतंच विचारलं. "त्याचे भाऊ तिकडेच राहिले?"

बाबा तिच्या शेजारी उकिडवे बसले. "नाही. भाऊही बडोद्याला आले. संपतरावांनी तर आपली पुस्तकं इथल्या लायब्ररीला दिली."

ती बराच वेळ घोड्याकडे बघत होती. संस्थेत तिच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगा असायचा, त्याला ती भाऊ म्हणायची. हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आता त्याची चौकशी रीतसर मार्गाने करणार आहोत. संस्थेची भेट या फेरीत ठेवली नव्हती, आणि तुम्हीही पहिल्या फेरीत ठेवू नका. एका वेळी एकच दार.

अठरावी फुली तिने विमानात मारली. घरी पोचलो तेव्हा बाहेर बर्फ होतं. दारातच तिने बूट काढले, एक इकडे, एक तिकडे, आणि मोजे फरशीवर घसरवत आपल्या खोलीत धावली. हत्ती तसाच होता, अर्धा.