रस्ट शिकणे पुढे चालू ठेवावे का? सहाव्या आठवड्याची नोंद

सहा आठवड्यांपूर्वी रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला घेतली, तेव्हा स्वतःला एकच अट घातली होती: नवे काही रचायचे नाही, पायथन या दुसऱ्या भाषेत आधीच लिहिलेला आणि खडान्‌खडा ठाऊक असलेला एक छोटा प्रोग्रॅम पुन्हा लिहायचा. हा प्रोग्रॅम फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा, ठशासारखा ठरावीक लांबीचा आकडा) काढतो आणि ज्यांचे हॅश जुळतात त्या फाइली दाखवतो. काम ओळखीचे असले म्हणजे जिथे अडते तिथे भाषेमुळेच अडते, हे निश्चित कळते.

भाषा टिकेल का, ही शंका फार काळ राहिली नाही. १५ मे २०१५ रोजी १.० आवृत्ती आली तेव्हापासून जुना कोड मोडू न देण्याचे धोरण आहे, आणि डिसेंबर २०२२ मधल्या लिनक्स ६.१ कर्नेलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) रस्टला प्राथमिक आधार मिळाला.

वेगाच्या बाबतीत मात्र माझी अपेक्षा चुकीची होती. पहिल्या चाचणीत रस्टचा प्रोग्रॅम मागे पडला, कारण मी डीबग बिल्ड (चुका शोधण्यासाठीची, वेगासाठी न सुधारलेली आवृत्ती) चालवत होतो; रिलीज बिल्ड (वेगासाठी सुधारलेली आवृत्ती) केल्यावर तो पुढे गेला, पण फारसा नाही. थोडा विचार केल्यावर कारण लक्षात आले: पायथनच्या हॅशलिब या लायब्ररीमधले हॅश काढण्याचे काम मुळात सी भाषेतल्या कोडमध्येच होते आणि उरलेला बराचसा वेळ डिस्कवरून वाचण्यात जातो. केवळ वेगासाठी शिकत असतो, तर याच आठवड्यात थांबलो असतो.

थांबलो नाही, ते एका त्रुटीमुळे. हॅश काढण्याआधी शून्य बाइटच्या फाइली यादीतून वगळायच्या असतात. पायथनमधला तो लूप (यादीतल्या नोंदी एकेक करून तपासणारा कोड) मी जसाच्या तसा रस्टमध्ये उतरवला आणि कंपायलरने (कोड तपासून चालण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रॅमने) ई०५०२ ही त्रुटी दाखवून नकार दिला: यादी वाचण्यासाठी उसनी घेतलेली असताना तिच्यातच बदल करता येणार नाही. आधीचे दोन आठवडे ई०३८२ या त्रुटीशी (दुसरीकडे सोपवलेली वस्तू पुन्हा वापरली की ती येते) झगडण्यात गेले होते, त्यामुळे हाही नियमांचा काच असेल असे वाटले. मग जुना पायथन कोड उघडून पाहिला. तिथे लूप चालू असतानाच यादीतून नोंद काढली जात होती. ती काढली की पुढच्या सगळ्या नोंदी एक घर मागे सरकतात आणि लगतची नोंद न तपासताच राहून जाते. दोन रिकाम्या फाइली शेजारी आल्या की दुसरी सुटत होती. रिकाम्या फाइलींचा हॅश एकच असल्याने अशा सुटलेल्या फाइली अधूनमधून एकसारख्या म्हणून निकालात दिसत, आणि त्याचे कारण मला कधीच उमगले नव्हते. रस्टमध्ये रिटेन (अटीत बसणाऱ्याच नोंदी यादीत ठेवणारी सोय) वापरून आणि पायथनमध्ये नवी यादी बनवून दोन्हीकडची चूक दुरुस्त केली.

माझ्यासाठी ही कमाई मोठी आहे. एखादी वस्तू कोणाच्या ताब्यात आहे आणि तिच्यात कोण बदल करू शकतो, हा प्रश्न आता पायथन लिहितानाही आपोआप मनात येतो. एकदाच चालवायच्या स्क्रिप्टसाठी मी पायथनच वापरणार आहे. पण फाइली हलवणारा किंवा पुसणारा प्रोग्रॅम असेल, तर कंपायलरशी घातलेल्या या हुज्जतीचा वेळ मला वाया गेल्यासारखा वाटत नाही. म्हणून आणखी सहा आठवडे द्यायचे ठरवले आहे.

पुढचा टप्पा अनेक थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांमध्ये, हॅश काढण्याचा. मोठ्या डेटाचा हॅश काढताना हॅशलिब जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारे कुलूप) सोडते, त्यामुळे पायथनचीही थ्रेडवाली आवृत्ती लिहूनच तुलना करणार आहे. शिवाय दुसऱ्यांदा वाचलेल्या फाइली बहुधा मेमरीतल्या कॅशमधून (तात्पुरत्या साठ्यातून) येतात, म्हणून प्रत्येक चाचणीआधी ती कॅश रिकामी करणार आहे.