माऊस लॅगची नोंद : माऊस सोडून बाकी सगळं

सेटअप आधी सांगून टाकतो. सहा कोअरचा प्रोसेसर, मधल्या दर्जाचं एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर, २.४ गिगाहर्ट्झ रिसीव्हरवर चालणारा वायरलेस माऊस, कापडी पॅड. मुक्काम विश्रामबाग, सांगली. तक्रार अशी, की डायरेक्टएक्स ११ (विंडोजमधला गेम आणि कार्ड यांच्यातला दुवा) वापरणाऱ्या एका जुन्या गोळीबाराच्या गेममध्ये क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, हाताच्या मागून येतंय. स्फोट झाला, धूर पसरला की जास्तच. ग्रुपवर सगळ्यांचा सल्ला एकच : "माऊस बदल भावा."

पण त्याच माऊसवर, त्याच पॅडवर काउंटर-स्ट्राइक २ एकदम ताजंतवानं चालतं. तिथे हात आणि क्रॉसहेअर बरोबर असतात. मग माऊसचा काय संबंध? आणि नेटचाही नाही. ऑनलाइन गेममध्येसुद्धा मान वळवणं आपल्याच मशीनवर होतं, त्यासाठी सर्व्हरला विचारावं लागत नाही. क्रॉसहेअर वेळेवर फिरतंय पण गोळी उशिरा लागतेय, तर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) बघा. क्रॉसहेअरच उशिरा फिरतंय, तर राऊटरला शिव्या देऊ नका.

मोजायला खर्च काहीच नाही. फोनचा स्लो-मोशन कॅमेरा २४० एफपीएसला (सेकंदाला २४० फ्रेम) लावायचा, माऊस आणि स्क्रीन एकाच चौकटीत घ्यायचे, आणि पट्टीने माऊसला बाजूने टिचकी मारायची. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत माऊस हलल्यापासून चित्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. क्लिक करूनही मोजता येतं, पण बटणाच्या स्विचचा डिबाउन्सचा (एकच दाब दोनदा मोजला जाऊ नये म्हणून थांबण्याचा) उशीर त्यात मिसळतो, म्हणून मी हालचालच धरतो. मॉनिटर चित्र वरून खाली रंगवतो, त्यामुळे दर वेळी स्क्रीनवरची एकच जागा बघायची. आणि एका टिचकीवर विश्वास ठेवायचा नाही, बऱ्याच मारून सरासरी काढायची.

काउंटर-स्ट्राइक २ मध्ये साधारण तीस मिलिसेकंद आले. जुन्या गेममध्ये ऐंशीच्या आसपास. म्हणजे मनाचे खेळ नव्हते.

आता खरा मुद्दा. जुन्या गेममध्ये एफपीएस ७० ते ७५ आणि कार्डचा वापर सतत ९९ टक्के. कार्ड असं पूर्ण भरलं की प्रोसेसर थांबत नाही, पुढच्या फ्रेमची कामं तयार करून रांगेत लावत बसतो. डायरेक्टएक्स ११ मध्ये ही रांग मुळात तीन फ्रेमपर्यंत जाऊ शकते. माऊसची हालचाल फ्रेम तयार होताना वाचली जाते, फ्रेम दिसताना नाही. सत्तर एफपीएसला तीन फ्रेम म्हणजे चाळीसेक मिलिसेकंद नुसते रांगेतच जातात. आपल्याकडे सीझनमध्ये साखर कारखान्याच्या यार्डात ट्रॉल्या लागतात ना, तसंच हे. गाळप रोजचं तेवढंच, पण रांग लांबली की आज तोडलेला ऊस गव्हाणीत पडेपर्यंत वाळलेला असतो. गव्हाण वाढवता येत नसेल तर तोड आवरायची.

म्हणून एफपीएस ६० वर बांधले, म्हणजे कॅप लावली. हो, कमी केले. कार्डाचा वापर ऐंशीच्या घरात आला, रांग मोडली आणि टिचकीचा आकडा पन्नासच्या खाली उतरला. एफपीएस कमी करून माऊस हलका होतो हे ऐकायला उलटं वाटतं, पण हातालाही ते लगेच जाणवलं. कॅप ठरवताना रिकाम्या गल्लीत उभं राहून ठरवू नका. सगळ्यात जड प्रसंगातही कार्ड भरणार नाही असा आकडा धरा. गेममध्येच लिमिटर असेल तर तोच वापरा, ड्रायव्हरच्या लिमिटरपेक्षा त्याचा उशीर बहुतेक कमी असतो.

काउंटर-स्ट्राइक २ का बरं चालतं, याचंही उत्तर इथेच आहे. त्यात एनव्हिडिया रिफ्लेक्स आहे. २०२० मध्ये आलेलं हे तंत्र प्रोसेसरला वेळेवर रोखून धरतं, म्हणून रांग साठतच नाही. ज्या गेममध्ये रिफ्लेक्स नाही तिथे ड्रायव्हरमधला लो लेटन्सी मोड 'अल्ट्रा'वर ठेवून बघा. तो मुळात डायरेक्टएक्स ११ पर्यंतच्या गेमसाठी आला. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कनमध्ये (डायरेक्टएक्ससारखाच दुसरा दुवा) रांग बहुतेक गेमच्याच हातात असते, तिथे त्याच्यावर भरवसा ठेवू नका. आणि फ्रेम जनरेशन (दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेली फ्रेम घालणं) चालू करून आकडा दुप्पट दिसला म्हणून खूश होऊ नका. मधली फ्रेम बनवायला खरी फ्रेम अडवून ठेवावी लागते, म्हणजे उशीर वाढतोच.

बाकीचं पटापट. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या तालावरच दाखवणं) बंद केल्याने थोडा फरक पडला, कॅपइतका नाही. माऊसचा पोलिंग रेट १२५ हर्ट्झ म्हणजे आठ मिलिसेकंदांनी एकदा खबर, १००० हर्ट्झ म्हणजे एका मिलिसेकंदाने. माझा आधीच हजारावर होता. ८००० च्या मागे मी लागणार नाही, वाचणार एक मिलिसेकंदसुद्धा नाही आणि प्रोसेसरवर भार पडणार. विंडोजमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' म्हणजे लॅग नव्हे, ॲक्सिलरेशन : हात जितका झटकन, तितका कर्सर जास्त लांब. तरी बंदच बरं.

रिसीव्हरचं मात्र नीट सांगायला हवं. तो कॅबिनेटच्या मागे होता, शेजारच्या यूएसबी ३.० पोर्टला बाहेरची हार्ड डिस्क. यूएसबी ३.० चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं होतं. फाइल कॉपी होत असताना कर्सर उड्या मारायचा तो यामुळे. एक्स्टेन्शन केबलने रिसीव्हर पॅडजवळ आणला, उड्या बंद. हा सततचा उशीर नव्हे, मधूनच बसणारे हिसके. दोन्ही आजारांना लोक 'लॅग'च म्हणतात आणि मग एकाचं औषध दुसऱ्याला देतात.

मिरजेच्या आत्तेभावाचा फोन आला. "दादा, माझा पण माऊस लई जड चालतोय."

"मॉनिटर कुठला?"

"मॉनिटर कुठला, हॉलमधला टीव्ही."

"गेम मोड चालू हाय काय?"

"ते काय असतंय?"

टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी त्यावर जी प्रक्रिया करतो ती गेम मोडमध्ये बहुतेक बंद होते. त्याने तो चालू केला आणि पाच मिनिटांत परत फोन, या वेळी फक्त हसायला.

पावसाळ्याचंही नोंदवून ठेवतो. दमट हवेत कापडी पॅड ओढ धरतं, आणि हाताला ते लॅगसारखंच वाटतं. मोजलं तर आकडा हललेला नसतो. पॅड धुऊन पूर्ण वाळवलं की फरक पडतो. अर्थात आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांच्या पुढे गेली की गेम कोण खेळतंय, सगळे पातळी बघत बसतात.

उरलंय ते एवढंच : अधूनमधून अर्ध्या सेकंदाचा एखादा झटका अजून बसतो, कॅप असतानाही. लेटन्सीमॉन (कुठला ड्रायव्हर मशीन अडवतोय ते दाखवणारा प्रोग्राम) लावून ठेवलंय, संशय वाय-फायच्या ड्रायव्हरवर आहे. पुढच्या नोंदीआधी वाय-फाय बंद करून लॅन केबलवर खेळून बघणार. तोवर कुणी टिचकीची चाचणी केली तर आकड्यासोबत मॉनिटरचे हर्ट्झ, एफपीएस आणि कार्डचा वापर हे तिन्ही लिहा, नुसत्या मिलिसेकंदांवरून तुलना होत नाही.